दोघांना पुरेल एवढं सिंक

तिसऱ्या दुकानातल्या अकराव्या सिंकसमोर उभी राहून मी हवेत भांडी घासत होते.

खरंच. बाह्या वर सरकवून, नसलेली कढई नसलेल्या घासणीनं घासत होते. मी फिजिओथेरपिस्ट. सकाळपासून चौदा जणांच्या पाठी, खांदे, गुडघे वळवून आले होते आणि आता माझी स्वतःचीच पाठ बोलायला लागली होती. म्हटलं, वाकावं किती लागतं ते तरी कळेल.

"बूड राहिलं," मागून आवाज आला.

मी वळले. कानामागे पेन्सिल, शर्टावर लाकडाचा भुसा, हातात टेप. ओठ हसत नव्हते, पण डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

"तुम्ही दुकानातले का?"

"नाही हो. मी सुतार. स्वयंपाकघराची कपाटं करतो. एका सिंकचं माप घ्यायला आलो होतो, पण तुम्ही पाच मिनिटं तीच कढई घासताय…"

एरवी मी दोन शब्द सुनावले असते. पण सुनावायलाही अंगात बळ लागतं.

"फार करपलीय," मी म्हटलं.

आता मात्र तो मोकळेपणानं हसला.

सिंक सुंदर होतं. पांढरंशुभ्र, जाड चिनी मातीचं, बाळाला आंघोळ घालावी एवढं ऐसपैस. पुढची बाजू ओट्यात दडलेली नाही, चांगली उघडी, ऐटीत पुढे आलेली. फार्महाऊस सिंक म्हणतात याला, असं दुकानदारानं सांगितलं होतं.

"दिसायला छान आहे," तो म्हणाला, "पण तुम्हाला खोल पडेल. तळाला बोटं टेकवा बघू… पाहिलंत? कंबर गेली."

"पाठीचं मला सांगू नका. दिवसभर तेच बघते मी."

"मग स्वतःची कधी बघता?"

सहज विचारलं त्यानं. आणि का कोण जाणे, मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. आधीचा कारागीर ओटा फोडून चार महिन्यांपूर्वी गेला तो गेलाच. तेव्हापासून आम्ही न्हाणीघरात उकिडवं बसून भांडी घासतोय. टाइल्स मी निवडल्या, नळ मी निवडले, कपाटांच्या मुठी मी निवडल्या. बाबा म्हणतात, "तुला आवडेल ते कर." दादा फोनवर म्हणतो, "तू ठरवशील ते." सगळ्यांच्या या चांगुलपणानं मी मेटाकुटीला आले होते.

"घरी येऊन बघू का?" त्यानं विचारलं. "सिंक दुकानात निवडायचं नसतं. घासणाऱ्या माणसाकडे बघून निवडायचं असतं."

रविवारी सकाळी तो आला. बाबांनी दार उघडलं आणि लगेच त्याचं बारसं करून टाकलं… "या, मिस्त्री!" बाबा निवृत्त बसड्रायव्हर. माणूस आवडला की त्याला शेजारी बसवून घ्यायचं आणि गप्पा हाणायच्या, ही जुनी सवय.

मिस्त्रीनं टेप काढली आणि विचारलं, "रोज भांडी कोण घासतं?"

"मी," बाबा म्हणाले.

"मी," मी म्हणाले.

दोघंही एकदमच. मिस्त्रीची पेन्सिल हवेत थांबली.

"दुपारची सगळी मीच घासतो," बाबा ठासून म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "ती संध्याकाळी परत घासते. तिला वाटतं, मला कळत नाही."

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, ताटांवरचा चिकटपणा त्यांना दिसत नाही. त्यांचं मन दुखू नये म्हणून मी ड्यूटीवरून आल्यावर, टीव्हीचा आवाज मोठा असताना, गुपचूप सगळं पुन्हा घासायचे. वर्ष झालं होतं.

"बाबा, मी…"

"राहू दे गं. तू दमून यायचीस आणि माझ्यामुळे आणखी…" ते खिडकीकडे बघत राहिले.

मिस्त्रीनं बाबांना ओट्याच्या जागेपाशी उभं केलं, कोपर वाकवायला सांगून जमिनीपासूनची उंची मोजली. मग मला बाबांच्या शेजारी उभं केलं. माझ्या कोपराला टेप लावताना त्याची बोटं क्षणभर अडखळली… की मलाच तसं वाटलं? लाकडाचा कोरा, गोडसर वास येत होता त्याच्या हातांना.

"खोल नको," तो शेवटी म्हणाला. "उथळ घेऊ, पण रुंद. दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढं. आजोबा घासतील, तुम्ही विसळाल. विसळताना राहिलेलं तुम्हाला दिसेलच. चोरून काही करायला नको."

बाबांनी मान हलवली. "आजोबा नको म्हणूस, काका म्हण. सिंक चालेल."

सिंक मागवलं. यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर मिस्त्री खालचं कपाट करत होता, कारण एवढ्या वजनाला नुसता ओटा पेलत नाही. मी ड्यूटी संपवून आले की रंध्याचा आवाज जिन्यातच ऐकू यायचा आणि पायऱ्या थोड्या कमी वाटायच्या. पहिल्यांदा कोणीतरी घरात मला "काय करू?" असं न विचारता काम करत होतं.

एकदा मी दारात टेकून बघत होते. तो एका ड्रॉवरला पॉलिश पेपर मारत होता.

"मिस्त्री, हाच ड्रॉवर काल पण घासत होतात ना?"

"हो का? …लाकूड जरा खरखरीत आहे."

मी हात फिरवला. लोण्यासारखा मऊ होता तो.

शेवटी सिंक आलं. खोकं उघडलं आणि डाव्या कोपऱ्यापासून तळापर्यंत केसासारखी बारीक चीर दिसली. मी तिथेच, भुशात, फतकल मारून बसले आणि रडायला लागले. सिंकसाठी कोण रडतं? पण थांबवता येईना. पाच महिन्यांचं, वर्षाचं, काय काय बाहेर येत होतं देव जाणे. बाबा गांगरले आणि पाणी आणायला गेले.

मिस्त्री माझ्या शेजारी जमिनीवर बसला. रडू नका म्हणाला नाही, होईल सगळं ठीक असंही म्हणाला नाही. चिरेवरून बोट फिरवून म्हणाला, "हे मी परत पाठवतो. फोन मी करतो, नवीन आलं की तपासून मीच घेतो. तुम्ही यात काही करायचं नाही."

"आणि तोवर तुमचं इथलं काम?"

तो कान खाजवत राहिला. "काम… आठ दिवसांपूर्वीच संपलंय."

"माहितेय मला," मी नाक पुसत म्हटलं. "त्या ड्रॉवरचं लाकूड आता संपत आलंय."

कानांच्या पाळ्या लाल झालेला सुतार मी पहिल्यांदाच पाहिला. "रागावलात?"

"रागवायला अंगात बळ नाही."

"मग बळ आल्यावर सांगा," तो हळूच म्हणाला. "मला उत्तर हवंय… रागाचं नव्हे. दुसरं."

नवीन सिंक दहा दिवसांनी बसलं. नळाचं पहिलं पाणी पडलं तेव्हा बाबांनी मुद्दाम न्हाणीघरातली दोन पातेली आणून घासली, मी विसळली आणि एक परतही दिलं. "तळाशी चिकट आहे." बाबा हसत हसत पुन्हा घासू लागले. मग "जरा पडतो," म्हणून आत गेले. दुपारी बाबा कधीच झोपत नाहीत.

मिस्त्री हत्यारं पिशवीत भरत होता. एकेक पटाशी पुसून, सावकाश. अंग माझं तेव्हाही ठणकत होतं, डोळ्यांवर झोप होती. प्रेमात पडल्यावर माणसाला पंख फुटतात म्हणतात. मला तर उलट वाटत होतं, कुठेतरी बूड टेकवायला जागा मिळाल्यासारखं.

"निघतो मग," तो दारात म्हणाला. "काही कुरकुरलं तर कळवा."

"काही कुरकुरणार नाही. पण उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे, चारला मोकळी होते…" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "रात्री जेवायलाच ये ना."

पिशवी खाली ठेवून तो वळला.

"काय म्हणालात?"

"म्हणालात नाही," मी म्हटलं. "म्हणालीस."

मग अगदी जपून, नवीन फळी बसवावी तसा तो शब्द त्यानं उच्चारून पाहिला.

"काय… म्हणालीस?"