जामीनदाराची सही

हे घडलं ते मनस्विनीच्या बाबतीत. मनस्विनी म्हणजे माझ्या मावसबहिणीची मुलगी. तिनं मला हे देवघरासमोर बसून सांगितलं, आणि निरांजन तेवत असताना कुणी रचून सांगत नाही. मीही यात पदरचं काही घातलेलं नाही. वाचनालयाचं नाव तेवढं लिहीत नाही. तिथं आजही माणसं पुस्तकं बदलायला जातात.

गोष्ट गेल्या वर्षीची, आपल्या छत्रपती संभाजीनगरातली. श्रावण लागायला एकच दिवस उरला होता.

मनस्विनी पुंडलिकनगरात राहते. नवरा विश्वजित शेंद्र्याला कंपनीत. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, पारूबाई. मनस्विनी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या मूळच्या करमाडच्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण बोलण्यात कुणाला हार जायच्या नाहीत. गल्लीत शिरलं की आधी त्यांचा आवाज कानावर यायचा.

वैशाखात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली.

आणि आवाज गेला.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा. वाचा यायची असेल तर तशीच येईल. मनस्विनी मग देवाला बोलली. श्रावणभर रोज दुपारी एक कहाणी वाचून आत्याबाईंच्या कानावर घालीन, एकही दिवस चुकवणार नाही. त्यांचा आवाज तेवढा परत दे.

महिनाभर पुरतील इतक्या कहाण्यांचं पुस्तक दुकानात मिळेना. शेजारीण म्हणाली, वाचनालयात बघ.

दुपारचे तीन वाजले असतील. काउंटरवर जावेदभाई होते. पुस्तक होतं, पण घरी न्यायचं तर कार्ड हवं, आणि कार्डासाठी अर्ज. मनस्विनीनं आधारची झेरॉक्स जोडली, फोटो चिकटवले. शेवटी एक रकाना राहिला.

जामीनदार. जुन्या सभासदाची सही आणि सभासद क्रमांक.

शहरात येऊन तिला दोनच वर्षं झालेली. तिथला सभासद तिच्या ओळखीचा कुठून असणार? जावेदभाई म्हणाले, याशिवाय कार्ड निघत नाही, उद्या कुणाला तरी घेऊन या. अन् उद्यापासून तर वाचायचं होतं. ती अर्ज घेऊन कपाटामागच्या टेबलापाशी जाऊन बसली. डोळे भरून आले.

"कुठलं पुस्तक पाहिजे गं तुला?"

समोर एक वयस्क बाई बसल्या होत्या. फिकट जांभळं लुगडं, जाड भिंगांचा चष्मा. त्यांच्यापुढं पुस्तक नव्हतं, वर्तमानपत्रही नव्हतं. नुसते दोन्ही हात टेबलावर ठेवून बसलेल्या...

हे तिला फार नंतर आठवलं.

मनस्विनीनं त्यांना सगळं सांगितलं. आत्याबाईंचं, नवसाचं. बाईंनी अर्ज ओढून घेतला आणि सही केली. डाव्या हातानं. आधी बारीक श्री, मग नाव, यमुनाबाई, आणि शेवटच्या अक्षराची शेपूट मागं वळवून सगळ्या नावाखालून ओढलेली. पुढं क्रमांक, चारशे बारा.

"एकच सांगते," त्या म्हणाल्या. "पुस्तक अर्धं ठेवून परत करू नकोस. माझं राहिलं तसं."

आपल्याकडं बायका सहज म्हणतात ना, तसंच मनस्विनी म्हणाली, "मग या की आमच्याकडं ऐकायला. रोज तीन वाजता वाचणार आहे."

वर घराचा पत्ताही सांगितला.

बाई हसल्या. "तू बोलावलंस. म्हणजे आता येता येईल."

काउंटरवर अभ्यासिकेच्या मुलांची गर्दी होती. जावेदभाईंनी सहीकडं न बघताच शिक्का मारला, कार्ड दिलं, पुस्तक दिलं. आभार मानायला मनस्विनी मागं वळली.

बाक रिकामा होता.

बाहेर जायचं दार एकच. ते काउंटरसमोरच. तिथून तर कुणी गेलं नव्हतं...

दुसऱ्या दिवसापासून कहाणी सुरू झाली. आमच्याकडची रीत अशी, की ऐकणाऱ्यानं मुठीत अक्षता धरायच्या आणि वाचणाऱ्याला मधूनमधून "हुं" द्यायचा. हुंकार नसला की भिंतीला सांगितल्यासारखं होतं. आत्याबाई कुठून हुं देणार? मनस्विनी त्यांच्या डाव्या मुठीत अक्षता घालायची आणि एकटीच वाचायची. खाटेजवळ एक पाटही मांडून ठेवायची. बोलावलंय तर असावा.

अकरा दिवस कुणी आलं नाही.

बाराव्या दिवशी पान उलटलं, तर मध्ये लाल लोकरीचा एक तुकडा होता. कुणीतरी खूण म्हणून ठेवलेला. मनस्विनीनं तो बाजूला केला आणि वाचू लागली.

थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं... पंखा फिरतोय, पण त्याची घरघर येत नाही.

बाहेर भाजीवाला ओरडत होता. तोही थांबला.

आणि मग...

"हुं."

मनस्विनीच्या अंगावर काटा आला तो आनंदाचा. आवाज आला, आत्याबाईंचा आवाज आला! तिनं झटकन वर पाहिलं.

आत्याबाईंचे ओठ मिटलेले होते. डोळे मात्र सताड उघडे. त्या मनस्विनीकडं बघत नव्हत्या.

पाटाकडं बघत होत्या.

"हुं," पाटावरून आलं.

मनस्विनीनं पुस्तक मिटलं नाही. कहाणी अर्धी टाकायची नसते. तिनं ती शेवटपर्यंत वाचली. संपली तसा पंखा पुन्हा घरघरू लागला. पाटावर चार अक्षता पडल्या होत्या.

आत्याबाईंची मूठ घट्ट मिटलेलीच होती.

रात्री जेवताना तिनं विश्वजितला सांगितलं. तो म्हणाला, दिवसभर एकटी असतेस, डोकं शिणतं. पण त्याच वेळी आत्याबाईंच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर हलली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. विश्वजित ताटावरून उठला आणि आईचा हात धरून लहान लेकरासारखा रडला.

मग मनस्विनी गप्प बसली.

पंधरा दिवस झाले तशी ती पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायला गेली. जावेदभाई तिचीच वाट बघत असल्यासारखे उठले. त्यांनी तिचा अर्ज समोर ठेवला.

"मॅडम, ही सही कुणाची आणली तुम्ही?"

इथंच बसलेल्या बाईंची, ती म्हणाली.

जावेदभाईंनी आतून एक जुना, पिवळा पडलेला अर्ज आणला. क्रमांक चारशे बारा. फोटोत जाड भिंगांचा चष्मा. खाली सही, तीच शेपूट.

"यमुनाबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "श्रावणातच गेल्या. हेच पुस्तक घरी होतं. अर्धंच झालेलं. मुलगा इथं आणून देऊन गेला, मीच जमा करून घेतलं. तेव्हापासून कुणी नेलं नव्हतं. तुम्ही पहिल्या." मग म्हणाले, "हे जमा करा आज. माझं ऐका. काही विचारणार नाही मी."

पुस्तक काउंटरवर होतं. नुसतं हात मागं घ्यायचं काम होतं.

मनस्विनीला आत्याबाईंची बोटं दिसली. विश्वजितचं रडणं आठवलं.

"पंधरा कहाण्या राहिल्यात हो, भाई," ती म्हणाली.

जावेदभाईंनी पुस्तक तिच्याकडं परत सरकवलं. मग पेपर वाचत बसलेल्या जुन्या सभासदाला, कडूबाकाकांना, हाक मारून त्यांची सही जामीनदार म्हणून घेतली. कडूबाकाकांनी काही न विचारता केली. जुनी सही मात्र खोडता आली नाही. पेन तिथंच उमटेना.

पुढचे पंधरा दिवस रोज तीन वाजता पंखा मुका व्हायचा. रोज हुं यायचा. आणि रोज आत्याबाई थोड्या सुधारायच्या. आधी हात, मग मान. पुढं उशीला टेकून बसू लागल्या.

हुंकार मात्र सरकत होता... पाटावरून खाटेच्या पायथ्याशी. तिथून उशाशी.

पोळ्याच्या दिवशी शेवटची कहाणी. मनस्विनीनं "सुफळ संपूर्ण" म्हटलं आणि डोळे मिटून हात जोडले.

"हुं."

तिनं डोळे उघडले. या वेळी आत्याबाईंचे ओठ हलले होते. पाट रिकामा होता. त्यावर एकही अक्षता नव्हती.

"चांगली वाचतीस गं," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांचाच आवाज. करमाडचा. खणखणीत.

त्या दिवशी मनस्विनीनं गल्लीभर पुरणपोळ्या वाटल्या. पाट धुऊन माळ्यावर टाकला. नवस फळला होता, आणखी काय पाहिजे माणसाला?

पुस्तक परत करायला निघाली तर आत्याबाई म्हणाल्या, मला बी यायचं. मला बी कार्ड काढायचं. विश्वजित हसला, म्हणाला, आई, तू काय फोटो बघणार का पुस्तकातले? पण मन मोडवेना. रिक्षातून, धरून धरून नेलं. जावेदभाईंनी खुर्ची दिली, अर्ज मनस्विनीनं भरला. सहीच्या जागेपाशी जावेदभाईंनी शाईचं पॅड पुढं सरकवलं. पारूबाईंनी जन्मभर अंगठाच केलेला.

आत्याबाईंनी पॅड बाजूला सारलं.

डाव्या हातानं पेन उचललं.

आधी बारीक श्री... मग नाव, पारूबाई. वळणदार, सरावाचं. आणि शेवटच्या अक्षराची शेपूट मागं वळवून सगळ्या नावाखालून ओढलेली.

विश्वजित अजून हसतच होता. त्याला वाटलं, शेजारणीनं शिकवलं असेल. जावेदभाई हसले नाहीत. त्यांनी अर्ज उचलला नाही, नुसतं खालच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मनस्विनीकडं पाहिलं.

जुन्या सभासदाची सही लागते. आता ती जुनी सभासद होती.

आत्याबाईंनी पेन तिच्यापुढं धरलं. "कर गं," त्या मायेनं म्हणाल्या. "मी नव्हती का केली?"

मनस्विनीनं सही केली.

आत्याबाई ठणठणीत आहेत. दर आठवड्याला पुस्तक बदलतात. श्रावण कधीच सरला, पण मनस्विनी अजून रोज दुपारी तीन वाजता त्यांना कहाणी वाचून दाखवते. मी तिला विचारलं, नवस तर पुरा झाला ना, मग आता कशासाठी?

ती देवाकडं बघत राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "एक दिवस चुकवला होता मी. त्या दिवशी तीन वाजता माळ्यावरून पाट सरकल्याचा आवाज आला... आणि आत्याबाई आतून मला हाक मारत होत्या."

मग निरांजनाची वात पुढं सारत म्हणाली, "त्यांच्याच आवाजात. पण दोघी जणी."