नागनिकेसाठी एक शब्द

नाणेघाटाच्या लेण्यात वारा घुसला आणि रुपालीच्या मांडीवरचा कागद उडाला. दाराशी उभ्या असलेल्या तरुणानं तो झेलला, उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, हे तर भिंतीवरच्या अक्षरांपेक्षा अवघड दिसतंय."

"जपानी आहे," ती हसली. "द्या इकडे."

तो गोकुळ, घाटघरचा. पर्यटकांना घाट दाखवायचा. ती निरगुडसरची, पुण्यात जपानी शिकून भाषांतरं करणारी. पुढच्या आठवड्यात जपानी पाहुणे लेणं बघायला येणार होते आणि त्यांच्यासाठी माहितीपुस्तिका ती करत होती. सगळं झालं होतं... एका शब्दापाशी मात्र दोन दिवस अडलं होतं.

"कुठला शब्द?"

"राणी."

"एवढंच व्हय?"

"एवढंच नाही ना. राजाची बायको असली तर ‘ओही’. स्वतः गादीवर बसली असली तर ‘जोओ’. पुस्तिका छापणारे आमचे सुभाष सर म्हणतात, जोओ लिही, भारी वाटतं. पण इथल्या शिलालेखातल्या नागनिकेचा नवरा गेला, मुलं लहान, म्हणून तिनं त्यांच्या नावानं कारभार बघितला, असं अभ्यासक मानतात. मग तिला नुसती बायको तरी कशी म्हणू—"

गोकुळ हातभर अंतर राखून बसला. बाहेर धुकं दरीतून वर चढत होतं.

"आमचा बाप गेला तवा मी सहा वर्षांचा व्हतो," तो म्हणाला. "भाताची खाचरं आईनंच सांभाळली. भावकीशी भांडली बी तीच. पण कुणी इचारलं तर म्हणायची, ‘गोकुळचं शेत हाय.’ मालकीण म्हणलं तर तिला पटत न्हाई. आन् नुसती सावळारामाची बायको म्हणलं तर मला राग येतो."

रुपाली त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं घाईनं पेन उघडलं.

"‘सेश्शो’... राजा लहान असताना त्याच्या वतीनं राज्य चालवणारी व्यक्ती. शब्द ठाऊक होता हो मला. सुचलाच नाही."

रेंज वरच्या पठारावर होती. गोकुळ तिच्यासोबत वर आला. सोनकीच्या पिवळ्या फुलांत उभं राहून तिनं सरांना स्पीकरवर फोन लावला. सर कुरकुरले. ती हटली नाही.

"जोओ छापायचं असेल तर माझं नाव काढा, सर."

"बरं. पण पाहुण्यांनी विचारलं तर उत्तर द्यायला तूच ये."

"म्हंजी तुमी परत येणार," गोकुळ म्हणाला, आणि लगेच दरीकडे बघू लागला.

त्या आठवड्यात त्याचे रोज फोन आले. जपान्यांना पिठलं चालतं का, ‘या, बसा’ कसं म्हणायचं... सहाव्या दिवशी विचारायला काही उरलं नाही. तरीही दोघं तासभर बोलली.

पाहुणे आले. एका वयस्कर प्राध्यापक बाईंनी लेण्यात उभं राहूनच पुस्तिका वाचली, ‘सेश्शो’वर बोट ठेवलं आणि हा शब्द कुणी निवडला, असं विचारलं. रुपालीनं गोकुळच्या आईची गोष्ट सांगितली. बाई गोकुळकडे वळल्या आणि कमरेत वाकल्या. तो इतका गडबडला, की उत्तरादाखल दोनदा वाकला.

परतीची गाडी सुरू झाली तसा तो खिडकीपाशी आला.

"आई इचारतीय, जेवायला थांबणार का..." तो अडखळला. "न्हाई. आईला कायबी ठाऊक न्हाई. मीच इचारतोय. आन् आजच्यापुरतं न्हाई. मला तुमी लई आवडता."

रुपालीचे कान तापले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"तुमी नको," ती म्हणाली. "तू म्हण."

आणि सीटखालची पिशवी ओढून ती गाडीतून उतरली.