वेलांटी नसलेली ट्रंक

"पुन्हा," असं म्हणत आजीने लेबल देवयानीकडे परत सरकवलं.

"आता काय चुकलं?"

"'भिंत'. पहिली वेलांटी. तू दुसरी दिलीस. एका वेलांटीने भिंत पडत नाही, पण वाचणाऱ्याचा विश्वास उडतो."

खिडकीत बसून कैरी खाणारा अनिमेष खुसखुसला. देवयानीचा हा चुलतभाऊ ठाण्याला राहायचा. वयाने तिच्याहून दोन वर्षांनी लहान, पण सुट्टीत ठाकुर्लीला आला की तोंडाला विश्रांती म्हणून नसायची. "देवू, तू इंग्लिशमध्ये लिही ना. तिथे वेलांट्याच नाहीत."

"तिथे स्पेलिंग आहे, आणि तुझं मी पाहिलंय," आजी म्हणाली. अनिमेषने मुकाट्याने कैरीला मीठ लावलं.

सुमती आजी म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. विद्यापीठाची वास्तुविशारद म्हणून तिने सगळी नोकरी केली होती. वसतिगृहं, ग्रंथालय, पावसात गळत नाही म्हणून अजून नावाजलं जाणारं कँटीन, सगळं तिच्या पेन्सिलीतून उतरलेलं. आता विद्यापीठाच्या अभिलेखागाराला तिचे कागद हवे होते. नकाशे, पत्रं, फोटो, घरचे कागदसुद्धा. "अभिलेखागार म्हणजे जुने कागद नीट जपायची जागा," आजीने पोरांना सांगितलं होतं. "आपल्या घरात ज्याला पसारा म्हणतात, त्याला तिथे नंबर मिळतो."

दुसऱ्या दिवशी तिथल्या चित्रा मॅडम टेंपो घेऊन येणार होत्या. म्हणून सगळं घर कामाला लागलं होतं. देवयानी लेबलं लिहीत होती, अनिमेष चिकटवत होता, आणि खालच्या मजल्यावरचा महेंद्र लॉफ्टवर चढून खोकी काढून देत होता. देवयानीच्या मनात या सुट्टीत एकच हट्ट होता. पसंत पडलेल्या नकाशावर आजी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायची, 'पाहिले. ठीक. सु.' यापेक्षा मोठं कौतुक तिने आयुष्यात कुणाचं केलं नव्हतं. तसलं एक 'ठीक' देवयानीला हवं होतं.

"महेंद्र, आता ती हिरवी ट्रंक काढ बाबा," आजी म्हणाली. "तिच्यातलं काय द्यायचं, ते माझं मी ठरवणार आहे."

लॉफ्टवर खोकी सरकवल्याचा आवाज आला. मग महेंद्रचं धुळीने माखलेलं डोकं बाहेर आलं. "आजी, इथे ट्रंक नाहीये. धुळीत चौकोन आहे नुसता."

आजी उठली, लॉफ्टखाली जाऊन उभी राहिली, पुन्हा येऊन बसली. समोरचा चहा तिने बाजूला सारला. आजीने चहा सारला म्हणजे प्रकरण गंभीर होतं, कारण तिचा चहा भूकंपातही थांबला नसता.

"आजी, काय होतं त्यात?" देवयानीने हळूच विचारलं.

"तुझे आजोबा," आजी म्हणाली, आणि चष्मा पुसू लागली.

मधु आजोबा देवयानीच्या जन्माआधीच गेले होते. ते ट्रंकेत कसे असतील, हे तिला कळेना, पण पुढे विचारायचा धीर झाला नाही.

घरात अनोळखी कुणी आलेलं नव्हतं. उरले सौमित्र काका, म्हणजे अनिमेषचे बाबा. काका कंपन्यांमध्ये जाऊन लोकांना पसारा कमी कसा करावा ते शिकवायचे. 'घर मोकळं, मन मोकळं' हे त्यांचं ब्रीद. मदतीला म्हणून ते आठवडाभर इथे आले होते आणि कानातल्या फोनवर बोलत घरभर फिरत होते. घरातल्यांच्या वाट्याला त्यांचा फक्त हात यायचा. हात वर केला की थांब, हलवला की घेऊन जा.

"काका, हिरवी ट्रंक पाहिलीत का तुम्ही?"

काकांनी फोनवरच्या माणसाला थांबवलं. "मी एकाही नकाशाला हात लावलेला नाही. परवा रद्दी तेवढी दिली. बास." आणि ते पुन्हा फोनमध्ये शिरले.

"चला, बाहेर बघू," महेंद्र म्हणाला. अनिमेष चपला शोधायला मागच्या बाल्कनीत गेला आणि तिथूनच ओरडला, "देवू! बाबांचे बूट बघ कुठे बसलेत!"

चादर टाकून बाकड्यासारखी केलेली ती हिरवी ट्रंकच होती. वर काकांचे बूट ओळीने मांडलेले. देवयानीने बूट बाजूला केले आणि चादर ओढली. झाकण उघडून पाहिलं, तर आत कागदाचा कपटासुद्धा नाही. झाकणावर आजीच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: रद्द.

"झालं," अनिमेष म्हणाला. "रद्दी लिहिलंय, बाबांनी रद्दीत दिलं. वेलांटी राहिली असेल घाईत."

"आजीकडून? वेलांटी?" देवयानी म्हणाली.

तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. सकाळपासूनची सगळी नापास लेबलं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. छे, सूर्य पश्चिमेला उगवला असता, पण आजीची वेलांटी राहिली नसती.

"हे 'रद्द'च आहे," देवयानी म्हणाली. "आजीने मला सांगितलेलं. नकाशा बदलला की जुना फेकायचा नाही. त्यावर 'रद्द' लिहून जपून ठेवायचा, म्हणजे चुकून कुणी त्याच्यावरून बांधत नाही. काकांनी मनातल्या मनात वेलांटी दिली, आणि ट्रंक उपडी केली!"

"मग आजीला सांगूया?"

"आधी कागद शोधू. कागद हातात असले की सांगणं सोपं जातं."

स्टेशनजवळच्या गाळ्यात रद्दीवाले कुंडलिकमामा तराजूशेजारी पेपर वाचत बसले होते. विकायच्या आधी ते रोजचे सगळे पेपर वाचून काढायचे.

"मोठे कागद ना? निळ्या रेघांचे?" ते म्हणाले. "ते नाय आता. मोहने गावची शिवणक्लासवाली मॅडम आज सकाळीच घेऊन गेली. तिने सांगून ठेवलेलं, मोठा कागद आला की माझा. पोरींना कापायला लागतो."

"कापायला?" अनिमेषचा आवाज फाटला.

"पेपर कटिंग रे. ब्लाउजचं. आधी कागदावर कापतात, मग कापडावर."

"मोहन्यात प्रीती मॅडमचा क्लास," महेंद्र म्हणाला. "माझी केशर आत्या जाते तिथे. दुपारी असतो. चला, रिक्षा पकडू."

देवयानी मात्र जागची हलली नाही. "थांब. त्यांना मोठा कागद हवाय म्हणून त्यांनी घेतलाय. रिकाम्या हाताने गेलो तर कशाला देतील? आपण कागद न्यायचा. त्याहून मोठा, आणि कोरा."

"एवढा मोठा कोरा कागद कुणाकडे असतो?" महेंद्रने विचारलं.

अनिमेषच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "माझ्या बाबांकडे."

दारामागे काकांचे पॅड उभे होते, शिकवताना स्टँडवर लावायचे, पांढरेशुभ्र, देवयानीच्या छातीएवढे उंच. काका हॉलमध्ये येरझारा घालत फोनवर सांगत होते, "नाही सर, वस्तू देताना मन घट्ट करायचं. मागे वळून बघायचं नाही."

"काका," देवयानी अगदी स्पष्ट म्हणाली, "दारामागचे हे मोठे पॅड आम्ही नेऊ का? कुणाला तरी द्यायचेत."

काकांनी हात हलवला.

"बाबा, नक्की ना? सगळे?"

काकांनी दोनदा हात हलवला, वर अंगठाही दाखवला.

"विचारलं आपण," अनिमेष जिन्यात म्हणाला. "दोनदा विचारलं. तुम्ही दोघं साक्षीदार."

महेंद्रने आईला आत्याकडे जातो म्हणून सांगितलं, आईने आत्यासाठी लोणच्याची बरणी दिली, आणि पॅड, बरणी आणि तिघं रिक्षा बदलत कल्याणमार्गे मोहन्याला निघाले. जुन्या रेयॉन कंपनीची लांबच लांब भिंत सुरू झाली, तशी देवयानी रिक्षातून पुढे वाकून बघू लागली. आत्तापर्यंत किती कात्र्या चालल्या असतील? तिला आजीचा तो बाजूला सारलेला चहा आठवत राहिला.

क्लास एका खोलीत होता. सतरंजीवर बायका आणि मुली गोलाकार बसलेल्या, प्रत्येकीपुढे एकेक मोठा कागद. दारातच बसलेल्या बाईंनी कात्री उघडली होती, आणि कात्रीच्या पात्यांमध्ये आजीच्या ग्रंथालयाचा जिना होता.

"आत्या, थांब!" महेंद्र ओरडला.

केशरबाई दचकल्या. "अरे मेल्या, हात कापला असता ना! तू इथे कसा?"

तिघंही एकदम बोलू लागले. ट्रंक, वेलांटी, टेंपो, आजोबा, बूट असं सगळं एकात एक मिसळलं. शेवटी प्रीती मॅडमनी टेबलावर पट्टी आपटली. "एकीने बोला. तू, वेणीवाली."

देवयानीने श्वास घेतला आणि सगळं नीट सांगितलं.

"मला वाईट वाटतं गं," मॅडम म्हणाल्या. "पण उद्या ह्यांची परीक्षा आहे. आज कटोरी ब्लाउज कापला नाही तर उद्या सगळ्या रडतील. मी कागद कुठून आणू?"

"आम्ही आणलाय," देवयानी म्हणाली. महेंद्रने पॅड उघडून सतरंजीवर टाकला.

मॅडमनी कागद बोटांत धरून पाहिला. एवढा जाड, कोरा, बिनरेघांचा कागद त्या खोलीत कधी आला नसावा. "अगं बाई, ह्याच्यावर कापायला मलाच बसावंसं वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि खोलीभर हशा पिकला. भराभर निळे कागद परत येऊ लागले. कापला गेला होता फक्त एक. त्याची एक बाही, एक पाठ आणि दोन कटोऱ्या झाल्या होत्या. केशरबाईंनी सगळे तुकडे, अगदी बारीक पट्ट्यासुद्धा, पिशवीत भरून दिले.

कागद गोळा करताना देवयानीला पहिल्यांदा त्यांची मागची बाजू दिसली. तिथे शाईने काहीतरी लिहिलं होतं. दोन वेगवेगळी अक्षरं होती, त्यातलं एक आजीचं.

'सुमती, आमटी झाकून ठेवली आहे. मीठ कमी पडलंय, रागावू नकोस.'

खाली आजीचं उत्तर: 'मीठ बरोबर आहे. आमटी कमी पडली.'

पुढच्या कागदावर: 'आज तुझ्या नकाशाचा निकाल ना साहेबांकडे? काय ठरलं ते लिहून ठेव, मी आल्यावर वाचतो.' आणि खाली: 'अंगणातलं झाड काढायला सांगितलं. नकाशा रद्द. त्याच्याच मागे लिहिते आहे.'

परतीच्या रिक्षात अनिमेषसुद्धा एकेक कागद उलटून वाचत होता.

घरी आल्यावर देवयानीने कागदांचा गठ्ठा आजीच्या मांडीवर ठेवला. आजीने एक उलटा केला, आणि त्यावर तळहात ठेवला. मग म्हणाली, "तुमच्या आजोबांची टेलिफोन एक्स्चेंजला रात्रपाळी. मी सकाळी निघाले की ते घरी पोचत, आणि मी परतायच्या आत पुन्हा पाळीला निघत. वर्षानुवर्षं आमचं बोलणं झालं ते दारामागे अडकवलेल्या ह्या कागदांवर. रद्द नकाशे भरपूर होते माझ्याकडे." ती हसली आणि डोळेही पुसले, दोन्ही एकदमच. "गेले असते गं पोरांनो. त्यांचं अक्षर दुसरं कुठेही नाही माझ्याकडे."

तेवढ्यात काका आत आले. "आई, माझे पॅड कुठे गेले? उद्या सकाळी कार्यक्रम आहे माझा!"

"मोहन्यात," अनिमेष म्हणाला. "त्यांचे ब्लाउज झाले. तुम्ही दोनदा हात हलवलात, बाबा."

मग सगळी हकीकत बाहेर आली. काका ऐकता ऐकता खाली बसले. कानातला फोन त्यांनी आपणहून काढून ठेवला. "आई, मी... मला वाटलं रद्दी लिहिलंय. वेलांटी राहिली असेल असं वाटलं."

आजीने केशरबाईंची पिशवी पुढे ओढली. तिने कापलेल्या कागदाचे तुकडे जमिनीवर मांडायला घेतले. पाठीला बाही लागली, बाहीला कटोरी, आणि हळूहळू मागचा मजकूर जुळला. आजी म्हणाली, "सौमित्र, हे वाच. मोठ्याने."

काका वाकून वाचू लागले. "'सुमती, लेकाने आज स्वतःचं नाव लिहिलं. खाली बघ. वेलांटी विसरला. तूच सांग त्याला, माझं ऐकत नाही.'"

त्याखाली रंगीत खडूने काढलेली वेडीवाकडी अक्षरं होती: सौमत्र.

आधी महेंद्रला हसू फुटलं, मग अनिमेषला, मग आजीला. काकाही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाबांनी हे कधी लिहिलं? मला माहीतच नव्हतं." त्या संध्याकाळी त्यांनी एकही फोन घेतला नाही. सगळे कागद स्वतः ट्रंकेत लावले आणि बूट पिशवीत भरले.

दुसऱ्या दिवशी चित्रा मॅडम आल्या, त्यांनी सगळं पाहिलं, आणि हिरव्या ट्रंकेपाशी मात्र हटूनच बसल्या. "बांधलेली इमारत तर कुणीही जाऊन पाहील. जी बांधली गेली नाही, ती फक्त इथे आहे. पण आजी, मागची बाजू तुमच्या घरची आहे. ती नको असेल द्यायला, तर ट्रंक इथेच राहू दे."

सगळे आजीकडे बघू लागले. आजीने कापलेल्या कागदाचे तुकडे उचलून देवयानीपाशी दिले. "एवढा एक राहील आमच्याकडे. माझ्या मापाचा आहे. बाकीचे घेऊन जा. ह्या पोरांनी आणले नसते तर दोन्ही बाजू गेल्या असत्या. देवयानी, नवं लेबल लिही. काय लिहायचं ते तूच ठरव."

देवयानीने पेन उचललं. बराच विचार केला, सावकाश लिहिलं, आणि आजीपुढे धरलं: 'कृपया दोन्ही बाजू पाहाव्यात.'

आजीने चष्मा नाकावर ओढला. एकेक अक्षर, एकेक वेलांटी तपासली.

"'कृपया' काढ," ती म्हणाली. "आता त्यांना पाहाव्याच लागतील."

देवयानीने नवीन लेबल लिहिलं. आजीने ते हातात घेतलं, पेन मागितलं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: पाहिले. ठीक. सु.