दादाची सीट

शेकोटीतलं लाकूड जरा पुढे सरकवा, आणि ते मोबाइल खिशात घाला. उद्या तुम्ही पोरं सरहद्दीपलीकडे जोबर्गला कामाला निघणार, म्हणून आजच सांगून ठेवतो. हे ऐकीव नाही. आपल्या वस्तीतल्या लिंदानीच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि त्यानं स्वतः माझ्या अंगणात बसून सांगितलं. तीन वर्षं झाली. नाताळच्या आधीची, बावीस डिसेंबरची रात्र.

लिंदानी एका साध्या कामाला निघाला होता. थोरल्या भावाला घरी आणायचं, बस्स. म्खुलुली तिकडे जोबर्गला बांधकामावर परांचीवरून पडून गेला. देह आपण इथे आणून पुरला. पण जीव पडल्या जागीच घोटाळत राहतो. आपल्या माणसानं हाक मारून आणल्याशिवाय तो हलत नाही. म्हाताऱ्या आईला सारखं स्वप्न पडायचं, म्खुलुली फाटकाबाहेर पाठमोरा उभा आहे. "आण रे त्याला," ती फोनवर रडायची. "पुढच्या नाताळला, आई," लिंदानी म्हणायचा. असे किती नाताळ आले नि गेले. ह्याच म्खुलुलीनं त्याला पोरवयात खांद्यावर बसवून सरहद्दीवरची लिंपोपो पार करून नेलं होतं. छातीइतकं पाणी, आणि मगरींची नदी. लिंदानी ते विसरला नव्हता. विसरला असता तर बरं झालं असतं बिचाऱ्याचं.

शेवटी त्या वर्षी तो रानबोरीची काटेरी फांदी घेऊन, जीव तिच्यावरच बसून घरी येतो ना, दादा पडला त्या इमारतीपाशी गेला आणि म्हणाला, "दादा, चल घरी." गाडीत पुढची सीट दादाला दिली. बायको नोमागुगु आणि लेक थांडाझो मागे. टपावर गाद्या, ब्लँकेटं, तेलाचे डबे. फांदी सीटवर ठेवून गाडी सुरू केली, तर टुंग... टुंग... बेल्ट न लावता कुणी बसलं की वाजते ना, ती घंटी. आता फांदीचं वजन ते किती!

"अहो, भाऊजींना बेल्ट लावा," नोमागुगु हसत म्हणाली.

त्यानं लावला. घंटी थांबली. मग रिवाजाप्रमाणे तो वाटभर बोलत राहिला. "दादा, आता घाट आला बरं का. दादा, इथे डिझेल भरतो." नदी आली की मग तर सांगावंच लागतं. न सांगता ओलांडली, तर गेलेला माणूस काठावरच राहतो. हे तुम्हाला मी काय सांगायचं!

सरहद्दीवर बाईटब्रिजला पोचले तेव्हा काळोख पडला होता. नाताळची गर्दी, गाडीला गाडी चिकटलेली, उकाड्यानं सगळ्यांची डोकी तापलेली. पुलाच्या अलीकडच्या फाटकावर शिपायानं आत बॅटरी मारली. "हे काय? झाडपाला पलीकडे चालत नाही."

शेजारच्या बसमधून कुणीतरी ओरडलं, "बोकड लपवलाय का रे गाडीत? चारा बरा घेतलास!"

सगळी रांग हसली. लिंदानी तिकडे टाय लावून नोकरी करणारा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काही नाही हो, पोरीनं तोडली खेळायला."

"पुढे कुणी बसलंय?"

"कुणी नाही."

त्यानं बेल्ट सोडला आणि फांदी सीटखाली कोंबली. शिपाई पुढच्या गाडीकडे वळला.

पूल आला. खाली लिंपोपोचं काळं पाणी. "अहो, सांगा ना भाऊजींना," नोमागुगु पुटपुटली. काचा उघड्या होत्या. ती बस शेजारूनच चालली होती.

"पलीकडे गेल्यावर सांगतो."

पूल संपला.

सगळे सोपस्कार उरकून मोकळ्या रस्त्याला लागल्यावर त्यानं फांदी काढून सीटवर ठेवली. बेल्ट न लावता. मुद्दामच. गाडी सुरू केली.

घंटी वाजली नाही.

"दादा?" तो म्हणाला. "दादा, नदी गेली बरं का..."

काही नाही.

"बाबा," मागून थांडाझो म्हणाली, "काका पुलावरच राहिले."

"झोप तू."

दोन्हीकडे मोपानेच्या झाडांचं रान. चांदणं नाही. पुढे इंजिन तापलं, म्हणून तो पाणी ओतायला उतरला. आणि मागच्या रस्त्यावरून...

चप... चप...

ओल्या बुटांनी कुणीतरी चालत होतं. सावकाश. दमलेल्या माणसासारखं.

"अहो... थांबा," नोमागुगु म्हणाली. "भाऊजीच असतील."

थांबायला हवं होतं त्यानं. सख्खा भाऊ होता. पण त्यानं पाण्याचा डबा तिथेच टाकला. बॉनेट आपटलं. गाडी पळवली. पुढे कुठे गाढवं आडवी आली, वेग कमी झाला, की...

चप... चप...

तो पळतच राहिला.

पहाटे आई फाटकाशी उभी. "आला माझा म्खुलुली?"

"...आला, आई."

तिनं फांदी छातीशी धरली. काटे टोचले तरी सोडेना. "दमलास ना रे बाळा? चल आत." लिंदानीला वर बघवेना. तिनं पुढे ठेवलेलं ताट त्यानं तसंच बाजूला सारलं. आईशी खोटं बोललो, दादाला पाण्यात सोडून आलो, एवढंच डोक्यात. उजाडायच्या आत तो किल्ली घेऊन उठला. पुलावर परत जायचं, रांगेदेखत ओरडून हाक मारायची.

कुलूप लावलेली गाडी त्यानं उघडली.

पुढची सीट चिंब होती. नदीच्या चिखलाचा वास. आणि बेल्ट... लावलेला.

त्यानं किल्ली फिरवली. बेल्टचा खटका सोडला.

टुंग... टुंग... टुंग...

"दादा," तो हुंदके देत म्हणाला, "चुकलो रे मी. घर आलं. उतर."

घंटी थांबली.

आईला पुन्हा ते स्वप्न पडलं नाही. लिंदानीनं मात्र ती गाडी पुन्हा रस्त्यावर काढली नाही. उद्या जाताना त्याच्या अंगणात डोकावा. ह्या तीन वर्षांत पाऊस कसा होता ते तुम्ही पाहिलंय, विहिरीसुद्धा आटल्या. गाडी दिवसभर उन्हात उभी असते, दारं सताड उघडी. पुढच्या सीटवर हात ठेवून बघा.

ओली लागेल.