आईचा घण

लालबागच्या पुलालगत, मसाल्याच्या गल्लीमागे आमचा लोहारकामाचा गाळा. मंडपवाल्यांच्या पहारींना टोकं काढायची, बोथट छिन्न्यांना पाणी द्यायचं. बाप, कोंडीराम, एका हातात सांडशी धरून दुसऱ्या हातातल्या छोट्या हातोडीने तापल्या लोखंडावर टक् करायचा. जिथे टक्, तिथे आईने घण घालायचा. त्याने हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. आईचा घण जन्मात चुकला नाही. तरी तिला लोहार कुणी म्हटलं नाही.

ती गेली. चितेची राख निवायच्या आत बापाने घण माझ्या हातात दिला.

"बाबा, हातोडी शिकव की."

"बाईचा घण. हातोडीला हात लाव, मनगटच ठेचतो."

त्याने शिकवलं नाही. मी बघून चोरलं. कुठला लाल वाकवायला, कुठला पिवळा टोकाला, सगळं.

यंदा बापही गेला. मी गाळा उघडला. मंडपवाला शिवा पहार टाकून हसला. "सुभद्राबाईची पोर ना तू? घण मारशील. हातोडी कोण धरणार, गणपती?"

"मी."

"आणि घण?"

"तू पहार ठेव आणि निघ."

भट्टीत पहार पिवळी झाली. मी हातोडीने टक् केलं. लोखंड लोण्यासारखं दबलं. एवढ्याशा हातोडीने दबत नाही ते. पुन्हा टक्. पुन्हा दबलं, ऐरणीखालचा ओंडका हादरला. समोर कुणी नव्हतं.

पहार परत तापायला घातली आणि कोपऱ्यात गेले. घण भिंतीला टेकलेला, नेहमीसारखा. त्याचं तोंड गरम होतं. दांडा घामाने ओला.

भीती नाही वाटली. उलट रडू फुटलं. आई पहिल्यांदाच बापाचं सोडून माझं ऐकत होती.

टोक सुरेख उतरलं. सांडशीतली पहार न सोडता मी हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली. झालं काम. मी लोहार.

टक्.

हातोडी तर मी ठेवली होती.

पुन्हा टक्. या वेळी सांडशी धरलेल्या माझ्या मनगटावर. हलकेच. बाप जागा दाखवायचा तसं.

"आई," मी म्हटलं, "त्याचं ऐकू नको गं."

कोपऱ्यात घण नव्हता.