खोली भरली पाहिजे

डिस्क गेल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी थंडोबा सकाळी अगदी खुशीत होता. द्रव नायट्रोजनचं पिंप वेळेवर आलं होतं आणि पंप कुरकूर न करता सुरू झाला होता. त्याने संगणक चालू केला. आतून टक… टक… असा आवाज आला, कोणी नखाने दार वाजवावं तसा. पडदा काळाच राहिला.

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. धातूंचे पातळ थर अतिशय थंड करायचे आणि त्यांतून वीज कशी वाहते ते मोजायचं, हा त्याचा उद्योग. स्वभावही असा, की खोलीला आग लागली तरी हा आधी चहा संपवील. त्यामुळे प्रयोगशाळेत सगळे त्याला थंडोबाच म्हणत.

सर आले. त्यांनी एवढंच विचारलं, "दुसरी प्रत?"

थंडोबा फरशीकडे बघू लागला.

"म्हणजे दोन वर्षांची मोजमापं पाण्यात."

"नायट्रोजनमध्ये म्हणा, सर," पंप दुरुस्त करणारे फिटरकाका दारातून म्हणाले.

सर हसले नाहीत. "वरच्या मजल्यावर आजपासून प्रशिक्षण आहे. संशोधनाचा डेटा कसा सांभाळायचा, त्याचं. आपल्याकडून कोणी जात नव्हतं. तू जा."

"आता जाऊन काय, सर? वरातीमागून घोडं."

"घोडं तरी जाऊ दे."

वर खोलीत मोजकीच माणसं बसली होती, तीही दाराजवळ, पटकन सटकता यावं म्हणून. समोर बाह्या दुमडलेली एक बाई उभी होती. पूर्वी ती काचेवर संशोधन करायची. आता संस्थासंस्थांतून फिरून लोकांना डेटा नीट ठेवायला शिकवायची. तिला सगळे डेटाबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं.

"आधी प्रत्येकाने आपली एक फजिती सांगायची," ती म्हणाली. "काय हरवलं, कसं हरवलं. उशिरा आलेल्यापासून सुरुवात."

"माझी… आज सकाळचीच आहे," थंडोबा म्हणाला.

खोली हसली. ती हसली नाही. तिने स्वतःचा चहाचा कप उचलला, त्याच्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाली, "प्या आधी. अजून उष्टा केलेला नाही."

कप गरम होता. दिवसभर बर्फासारख्या नळ्या हाताळणाऱ्या त्या बोटांना तो फारच गरम लागला. तरी त्याने तो खाली ठेवला नाही.

सगळे गेल्यावर ती त्याच्या शेजारी येऊन बसली. "कोणाला आलेख पाठवले होते? सरांना? मित्रांना? पोस्टर केलं होतं? जिथे जिथे तुकडा असेल तिथून तो आणायचा."

प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं. तिन्ही दिवस, शिकवणं संपलं की दोघं तुकडे वेचत बसली. मेलमधून, पोस्टरमधून, सरांच्या जुन्या भाषणातून फायली निघू लागल्या.

"ही फाइल 'बिस्कीट दोन'. तुम्ही बिस्किटातून वीज सोडलीत?"

"नाही… मँगनीजचा थर आहे तो. ज्या दिवशी जे खाल्लं ते नाव द्यायचो मी. लक्षात राहतं."

"आणि 'उपास'?"

"त्या दिवशी कँटीन बंद होतं."

तिने ओठ दाबून धरले, पण खांदे हलायचे ते हललेच. "बरं, हा आकडा कसला?"

"तापमान. केल्विनमध्ये. कळतंच ना ते."

"कोणाला कळतं?"

"मला."

"वा! म्हणजे फायलीबरोबर तुम्हालाही बांधून पाठवायचं का?"

"कोणाकडे पाठवताय त्यावर आहे," थंडोबा म्हणाला, आणि आपण हे बोललो म्हणून स्वतःच इतका दचकला, की पेन टेबलाखाली पडलं. ते शोधायला त्याला बराच वेळ लागला. वर आला तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

अर्धीअधिक मोजमापं परत मिळाली. उरलेली पुन्हा करता येतील, म्हणून सरही निवळले. पण तिसऱ्या दिवशी ती बॅग भरू लागली आणि थंडोबा दाराशी जाऊन उभा राहिला.

"परत कधी येणार?"

"बोलावलंत तर येईन. मेळावा घ्या ना महिन्यातून एकदा, डेटाने पोळलेल्या लोकांचा. पण आमच्या साहेबांची अट आहे, खोली भरली पाहिजे. रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलायला ते मला पाठवत नाहीत."

त्याने मेळावा जाहीर केला. सूचना फलकावर लावली आणि, स्वभावाप्रमाणे, शांत बसला. मेळाव्याला आले ते फक्त फिटरकाका, तेही बिस्किटांसाठी.

"तुम्ही, मी आणि काका," तिने खुर्च्यांवरून नजर फिरवली. "चौथा कोणी पाहिजे होता, म्हणजे निदान पत्ते तरी खेळता आले असते."

"दोघांचाही डाव रंगतो की," काकांनी बिस्कीट बुडवत म्हटलं. थंडोबा लगेच खुर्च्या आवरू लागला.

जाताना ती जिन्यात थांबली. "साहेब म्हणतात, पुढचा मेळावाही असाच गेला तर इकडच्या फेऱ्या बंद. मग मला दूरच्या एका संस्थेत कायमची जागा देतायत. चांगली जागा आहे…"

"हो का," थंडोबा म्हणाला. एवढंच म्हणाला.

"तुमच्या नायट्रोजनमध्ये तरी बुडबुडे येतात हो!" असं म्हणून ती तरातरा उतरून गेली.

ते वाक्य त्याला झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या माणसाने कधी शेजारच्या खोलीत डोकावलं नव्हतं, तो लेझरवाल्यांच्या दारात उभा राहिला. "माझी डिस्क गेली," त्याने एकदम सुरुवात केली. "दुसरी प्रत नव्हती. फायलींना बिस्किटांची नावं होती."

लेझरवाले पोट धरून हसले. मग त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "आमचा तर पासवर्डच नोकरी सोडून गेला."

"मग या ना. मेळाव्यात सांगा."

असाच तो दुर्बिणवाल्यांकडे गेला, निर्वात पोकळीवाल्यांकडे गेला, क्ष-किरणवाल्यांकडे गेला. प्रत्येक दारात आधी स्वतःची फजिती सांगायची, मग त्यांची ऐकायची. त्याला एक गोष्ट कळली. दुसऱ्याचं शहाणपण ऐकायला माणूस जिना उतरत नाही, पण दुसऱ्याची फजिती ऐकायला चार मजले चढतो.

मेळाव्याच्या दिवशी बाहेर भुरभुर पाऊस होता. ती छत्री मिटत आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. खोली भरली होती. काही जण खिडकीत बसले होते. फिटरकाकांना खुर्ची नव्हती म्हणून ते खालून आणलेल्या रिकाम्या पिंपावर बसले होते. तिने थंडोबाकडे पाहिलं. त्याने घाईघाईने छताकडे पाहिलं.

त्या दिवशी लोक हसले, भांडले, एकमेकांच्या फायली कशा ठेवाव्यात यावर हातघाईवर आले. क्ष-किरणवाल्यांनी पुढच्या वेळचा चहा आपल्याकडे लावून घेतला.

पांगापांग झाल्यावर दोघं खुर्च्या घडी करू लागली.

"एवढी माणसं कशी जमवलीत?"

"दारोदार गेलो."

"तुम्ही? बोललात?"

"बोललो."

"का?"

थंडोबाच्या हातात खुर्ची तशीच राहिली. "खोली रिकामी राहिली असती तर… तुम्ही गेला असतात."

"म्हणजे हे सगळं डेटासाठी नव्हतं?"

"डेटासाठीही होतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण दुसऱ्या नंबरवर."

तिने आपली खुर्ची मिटून भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "ती दूरची जागा… मी परवाच नको म्हणून कळवलं."

"पण परवा तर माहीत नव्हतं, खोली भरेल की नाही!"

"नव्हतंच." ती हसली. "आता ती खुर्ची खाली ठेव. हात दुखतील तुझे."

तिने पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं होतं. त्याने खुर्ची खाली ठेवली आणि रिकामा झालेला हात तिच्या हातात दिला.

थंडोबाच्या आईने विचारलं, "मुलगी करते काय?"

"लोकांचा पसारा आवरते."

"मग तुझ्यासाठीच जन्मली म्हणायची," आई म्हणाली, आणि बोलणी तिथेच संपली. लग्नात सर म्हणाले, आभार मानायचे तर त्या डिस्कचे माना. थंडोबाने खरंच मानले.

पुढची वर्षं सुखाची गेली. दर महिन्याला खोली भरत राहिली, मग मोठी खोली घ्यावी लागली. घरातल्या डब्यांवर तिने तारखा लिहिल्या. तो चुकीच्या डब्यात साखर भरायचा, ती ओरडायची, आणि मग दोघं तोच चहा प्यायची. एकदा भांडणात ती म्हणाली होती, "तेव्हा ती दूरची जागा घेतली असती तर बरं झालं असतं." लगेच म्हणाली, "नाही रे, खोटं बोलले." हे दोन्ही त्याला आठवतं, आणि दोन्हींबद्दल तो ऋणी आहे.

मग एका हिवाळ्यात तिला दुखणं जडलं, आणि उन्हाळा लागण्याआधी ती गेली.

ज्यांना तो ओळखतही नव्हता अशांचे निरोप आले. कोणी लिहिलं, बाईंमुळे माझा प्रबंध वाचला. कोणी लिहिलं, माझ्या फजितीवर सगळे हसले तेव्हा त्या एकट्या हसल्या नाहीत. त्याने प्रत्येकाला उत्तर दिलं. सगळ्यांना एकच लिहिलं, की ती भेटली हे माझं नशीब, तुम्हालाही भेटली याचा आनंद आहे.

दवाखान्यात शेवटी शेवटी ती म्हणाली होती, "रसायनवाल्यांना शब्द दिलाय मी. त्यांना एक दिवस शिकवायचं होतं."

"मी घेईन."

"तुला जमेल?"

"दारोदार जाता येतं मला."

"हो, ते येतं तुला," ती म्हणाली, आणि डोळे मिटून हसली.

मेळावा चालू आहे. लेझरवाले चहा बघतात, दुर्बिणवाले खुर्च्या लावतात. थंडोबा दर वेळी जातो, शेवटपर्यंत बसतो आणि निघताना सगळ्यांचे आभार मानतो. रसायनवाल्यांच्या इमारतीपाशी तो दोनदा गेला आणि दार न वाजवताच परत आला; तो दिवस घेतला, की तिने सोपवलेलं शेवटचं कामही संपेल. त्यांच्याकडचं प्रशिक्षण अजून व्हायचं राहिलं आहे.