चिंचेच्या पालवीचं लुगडं

"राघू मेला तिथे मी ताडकन उठून बसलो," निशिकांत म्हणाला.

पोह्यांवर कोथिंबीर पेरता पेरता हर्षदाचा हात थांबला. "राघू मेला? कधी?"

"अगं, दरोड्यात! रंगाची भट्टीच पेटवून देतात ना ते लोक."

"निशिकांत, राघू अख्ख्या पुस्तकात एक लुगडं रंगवतो. त्याला साधं खरचटतसुद्धा नाही."

मिरजेच्या वाचनकट्ट्याने रविवारी दोघांना मिळून एका कादंबरीवर बोलायला सांगितलं होतं. बलस्थानं सांगा, उणिवाही सांगा. कादंबरी पेशवाईच्या अखेरीची. सगुणा ही तरुण विधवा पाट लावून, म्हणजे पुनर्विवाह करून, राघू रंगाऱ्याच्या घरी येते. तिला चिंचेच्या कोवळ्या पालवीच्या रंगाचं लुगडं हवं असतं आणि राघूला तो रंग काही केल्या साधत नाही. गोष्ट एवढीच.

हर्षदा शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली, निशिकांतचं आयुष्य बोटीवर इंजिनं सांभाळण्यात गेलेलं. दोघांचेही जोडीदार वारले होते. संक्रांतीपासून दोघं एकत्र राहत होती आणि दसऱ्याला लग्न करायचं की नाही, ते ठरायचं होतं. मुलांची हरकत नव्हती. धाकधूक होती ती हर्षदालाच. सात समुद्र पाहिलेल्या माणसाला आपलं हे वरणभाताचं जगणं किती दिवस गोड लागणार?

"दाखव बघू तुझं पुस्तक," ती म्हणाली.

तिने वाचनालयातली कागदी प्रत वाचली होती. त्याच्याकडे लेकीने दिलेलं जुळतं पुस्तक होतं, वाचणाऱ्यागणिक बदलणारं. त्याच्यासोबतची नाडीपट्टी मनगटावर बांधायची. वाचणाऱ्याची नाडी मंदावली, की पट्टी पुस्तकाला कळवते आणि पुस्तक पुढचं प्रकरण त्याच्या आवडीचं करून घेतं. हे सगळं माहितीपत्रकात होतं. पण जन्मभर इंजिनं उघडून बसणाऱ्या या माणसाने ते उघडलंच नव्हतं.

"मूळ पानं काळ्या अक्षरांत असतात. बदललेली निळ्या," हर्षदाने माहितीपत्रक वाचून सांगितलं.

"मला वाटलं, रंगाऱ्याची गोष्ट म्हणून निळी आहेत!"

ती हसली. मग तिने पहिलं निळं पान शोधलं आणि तिचं हसू मावळलं. त्याच्या आधीच्या काळ्या पानावर राघू बाजारातून हळकुंडं आणायला विसरतो, रंग पुन्हा फसतो, आणि सगुणा त्याला न बोलता आमटी वाढते. ते पान संपताच निळी अक्षरं सुरू झाली होती. समासात पुस्तकाने नोंद केली होती, 'वाचकाची गोडी ओसरली.'

हर्षदाचं सगळ्यात लाडकं पान तेच होतं. वाचताना तिला वाटलं होतं, ही तर आपलीच गोष्ट.

"कंटाळा आला होता तुला," ती म्हणाली.

निशिकांतने सारवासारव केली नाही. "हो. आला होता."

तिला फार वाईट वाटलं. ती उठून उगाचच ओटा पुसायला लागली.

"पण मी पुस्तक मिटलं नव्हतं, हर्षदा. धीर त्या पुस्तकाला धरवला नाही. अगं, बोटीवर आमची पाळी संपली की वहीत काय लिहायचो? 'विशेष काही नाही.' ते लिहिता आलं की सुखाने झोप लागायची. काही घडलं, की ते कुणाच्या तरी जिवावर बेतायचं." त्याने पट्टी सोडून पोळ्यांच्या डब्यावर ठेवली. "खरी गोष्ट वाच ना मला."

ती खुर्ची ओढून बसली आणि वाचू लागली. राघूचे हात कोपरापर्यंत निळे. सगुणा आमटी वाढते. सासू दोघांना ऐकू जाईल असं स्वतःशीच गाणं म्हणते.

"सासू फारच गोड आहे," निशिकांत म्हणाला.

"आहेच. आणि त्या काळात दुष्काळ, लुटालूट. ह्यांच्या अंगणात त्याची धूळसुद्धा येत नाही. उणिवांत ते सांगू. एका लुगड्याला तीनशे पानं, तेही."

"आणि बलस्थान?"

ती पुढे वाचत राहिली. राघू ताटावरून न उठता म्हणतो, उद्या आणतो हळकुंडं. सगुणा म्हणते, उद्याही विसरलात तरी चालेल.

या जुळत्या पुस्तकांपायी गावात किती घरांत राघू किती तऱ्हांनी मेला असेल, असा विचार हर्षदाच्या मनात आला. या स्वयंपाकघरात मात्र तो जेवत होता.

तेवढ्यात निशिकांतला जांभई आली. तिने वाचन थांबवलं. त्याने ओशाळून तोंडावर हात धरला.

"पट्टी असती तर आत्ता दरोडेखोर आले असते," ती म्हणाली.

"येऊ देत. म्हणावं बसा बाहेर, आमचं जेवण चाललंय."

ती हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. तिने पान उलटलं, पण वाचलं नाही.

"निशिकांत, पुढेही हे असंच आहे. शेवटच्या पानापर्यंत काही घडत नाही. तुला कंटाळा येईल, मलाही येईल. दसऱ्यानंतरही ऐकशील?"